हयगयीने गेलेली लेकरे आणि कायद्याची शिक्षा

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही जो विषय आपल्यापुढे मांडणार आहोत तो कानाला गोड लागणारा नाही. लहान लेकरांच्या मृत्यूविषयी बोलायचे आहे, आणि तेही आजाराने झालेल्या मृत्यूविषयी नव्हे. टाकीला झाकण नव्हते म्हणून, बोअरचे तोंड उघडे होते म्हणून, औषधात विष होते म्हणून, दवाखान्यात आग लागली म्हणून जी लेकरे जातात, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. असे मूल गेले की वर्तमानपत्रात बातमी येते, पुढारी भेट देऊन जातात, मदतीचा धनादेश जाहीर होतो आणि चार दिवसांनी शेजारीपाजारी म्हणतात, "नशीब एकेकाचे!" आमचे म्हणणे असे की, नशीब हा शब्द येथे वापरणेच चूक आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ज्या कारणामागे माणसाचा हात आहे, ते कारण शोधून काढता येते. टाकी आपोआप उघडी राहत नाही. ती कोणीतरी उघडी ठेवलेली असते आणि कोणीतरी ती उघडी आहे हे पाहूनही पुढे गेलेले असते.

दुसऱ्या बाजूला, मूल गेल्याच्या दिवशी लोक संतापाने म्हणतात, "एकेकाला फाशी द्या." हा संताप समजण्यासारखा आहे. परंतु संताप ओसरला की ना फाशी होते ना साधी शिक्षा. म्हणून आज आपण शांतपणे तीन प्रश्नांचा विचार करू. हयगयीने होणाऱ्या बालमृत्यूंसाठी शिक्षा वाढवावी काय? वाढवावी तर ती कशासाठी? आणि ती नेमकी कोणाला व्हावी? आमच्या मते यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

कायदा काल काय होता, आज काय आहे?

विद्यार्थी मित्रांनी ही माहिती नीट लक्षात ठेवावी. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली. तिच्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवून आणण्याचे स्वतंत्र कलम मुळात नव्हतेच. ते १८७० साली कलम ३०४-अ म्हणून घालण्यात आले. शिक्षा होती जास्तीत जास्त २ वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसता दंड भरूनही सुटता येत असे. पुढे देश स्वतंत्र झाला, संविधान आले, आगगाड्या वाढल्या, मोटारी वाढल्या, दहा मजली इमारती उभ्या राहिल्या, पण या कलमातली २ वर्षे दीडशे वर्षे हलली नाहीत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये ही शिक्षा ५ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली असून दंडही सक्तीचा केला आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना असे घडल्यास मात्र मर्यादा २ वर्षांचीच आहे. म्हणजे शिक्षा वाढवावी ही मागणी एका अर्थाने मान्य झालेली आहे. या वाढीचा एक फायदा फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. ज्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, त्याची दखल घेण्यास न्यायालयावर मुदतीचे बंधन असते. कलम ३०४-अ ला ते ३ वर्षांचे होते. ५ वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला असे बंधन नाही. गरिबाच्या घरचे प्रकरण कागदावर यायलाच दोन-तीन वर्षे जातात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या सुधारणेचे मोल कळेल.

परंतु तीन गोष्टी तशाच राहिल्या. पहिली गोष्ट, हा गुन्हा आजही जामीनपात्र आहे. दुसरी गोष्ट, तो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि त्यांना ३ वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकार नाही. अधिक शिक्षा द्यावी असे त्यांना वाटले तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. पुस्तकातली ५ वर्षे न्यायालयाच्या दारात अशी ३ होतात. तिसरी गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने मोठी आहे. मरणारा ४० वर्षांचा पुरुष असो की ४ वर्षांचे पोर असो, कायद्याच्या या कलमात दोघांत काहीच फरक केलेला नाही.

आणखी एक सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद २० प्रमाणे गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती तीच लागू होते. वाढीव शिक्षा मागे जाऊन लावता येत नाही. त्यामुळे १ जुलै २०२४ पूर्वीच्या साऱ्या घटना जुन्याच कायद्याखाली चालतील. हा नियम आपल्याला बोचला तरी तो योग्यच आहे, कारण तोच नियम उद्या आपल्या निरपराध मुलाचेही रक्षण करतो.

लहान वयाचा विचार वेगळा का करावा?

कोणी विचारील की जीव सारखाच, मग मुलाच्या मृत्यूला वेगळा न्याय का? याचे उत्तर कायद्यातच आहे. ७ वर्षांखालील मुलाने काहीही केले तरी तो गुन्हा होत नाही, असे जुन्या दंड संहितेचे कलम ८२ सांगत होते आणि नव्या संहितेचे कलम २० तेच सांगते. का? तर त्या वयात बऱ्यावाईटाची, धोक्याची समज नसते म्हणून. आमचा युक्तिवाद साधा आहे. समज नाही म्हणून कायदा ज्याला गुन्हेगार मानत नाही, त्याने स्वतःला सांभाळावे अशी अपेक्षाही कायद्याला करता येणार नाही. मोठ्या माणसाला खड्डा दिसतो, पाटी वाचता येते, धुराचा वास आला तर पळता येते. तीन वर्षांच्या पोराला खड्ड्यातले पाणी दिसते आणि ते त्याला खेळायला बोलावते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या नवजात बाळाला तर कूसही बदलता येत नाही. म्हणजे मूल जितके लहान, तितकी मोठ्यांची जबाबदारी जास्त. जबाबदारी जास्त असेल तर ती मोडल्याची शिक्षाही जास्त असली पाहिजे.

हे तत्त्व आपल्या कायद्याला अगदीच परके नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये ताब्यातील मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु तो इसम मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेचा नोकर किंवा व्यवस्थापक असेल, तर तीच शिक्षा ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड अशी वाढते. म्हणजे ज्याने सांभाळण्याचे काम पत्करले त्याला अधिक कडक माप, हे संसदेने मान्य केलेले आहे. हेच माप हयगयीने झालेल्या मृत्यूलाही लावावे, एवढीच आमची मागणी आहे.

शिक्षा पोचते कोठे?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १० बाळे गेली, ७ वाचली. साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले. पण पुढच्या महिन्यात पोलिसांनी फौजदारी गुन्हा नोंदविला तो दोन परिचारिकांवर. त्या रात्री त्यांचे काही चुकले की नाही, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्याविषयी आम्ही बोलणार नाही. आम्ही फक्त काही प्रश्न विचारतो. रात्रपाळीला किती माणसे असावीत हे परिचारिका ठरवते काय? विजेच्या तारांची तपासणी तिने करायची असते काय? आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवायची असेल तर त्या खर्चाला मंजुरी तिच्या सहीने मिळते काय? मिळत नसेल, तर ज्यांच्या सहीने मिळते त्यांच्यापर्यंत फौजदारी कायदा का पोचत नाही?

दुसरे उदाहरण तामिळनाडूतील कुंभकोणमचे. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका खाजगी अनुदानित शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि ती वरच्या शाकारलेल्या छपरापर्यंत पोचली. ९४ मुले जळून गेली. सगळी प्राथमिक शाळेत जाणारी. खटल्याचा निकाल लागला ३० जुलै २०१४ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. १० जण दोषी ठरले, ११ सुटले. शाळेच्या संस्थापकाला जन्मठेप झाली. २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती भोगलेल्या कारावासापुरती कमी केली आणि दोषी ठरलेल्यांपैकी अनेकांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने पुरावा पाहूनच निकाल दिला असणार. पण ज्या आईबापांनी तेरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांच्या हाती काय राहिले याचा विचार आपण करावा.

तिसरे उदाहरण मुंबईचेच. मार्च २०२४ मध्ये वडाळ्याच्या महापालिकेच्या महर्षी कर्वे उद्यानात पाण्याच्या उघड्या टाकीत पडून दोन सख्खे भाऊ बुडाले. एक ४ वर्षांचा, दुसरा ५ वर्षांचा. गरिबाची मुले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली, ही चांगली गोष्ट झाली. पण न्यायालयाला स्वतःहून उठावे लागते, याचा अर्थच असा की ज्यांनी उठायचे ते बसून होते. उद्यान महापालिकेचे, देखभाल कंत्राटदाराची, काम मजुराचे. प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो आणि बोट शेवटी ज्याच्यावर थांबते त्याच्याखाली कोणी नसते, एवढाच त्याचा दोष असतो.

म्हणून आम्ही म्हणतो की नुसती वर्षे वाढवून भागणार नाही. कायद्याचे बोट आज जिकडे वळते तिकडेच वळत राहिले, तर २ ची ५ झाली काय आणि ५ ची १० झाली काय, ती वर्षे आया, वॉचमन, रिक्षावाला आणि परिचारिका यांच्याच वाट्याला येतील. यांतली कितीतरी माणसे आपल्याच वस्तीतली आहेत, हेही विसरू नका.

जबर शिक्षेची परीक्षा

शिक्षा जबर केली की गुन्हा थांबतो काय, हे पाहण्यासाठी आपल्याकडे एक उदाहरण तयारच आहे. डायइथिलीन ग्लायकॉल नावाचा एक विषारी द्रव आहे. कारखान्यात त्याचे उपयोग आहेत, पण तो पोटात गेला की मूत्रपिंडे निकामी होतात. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमध्ये हे विष असल्यामुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमावा लागला. १९९८ साली दिल्ली-गुडगाव भागात याच विषाने ३३ बालके गेली. २०१९-२० मध्ये जम्मूच्या रामनगर भागात किमान १२ मुले गेली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध पिऊन २० हून अधिक बालके गेली. बहुतेक ५ वर्षांखालची. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते आणि तेथेच त्यांचा अंत झाला. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या औषधात हे विष ४८.६ टक्के आढळले. चालण्यासारखे प्रमाण ०.१ टक्का आहे.

आता कायदा पाहा. औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियमात २००८ साली दुरुस्ती झाली आणि ज्या भेसळीच्या औषधाने मृत्यू होतो त्याला किमान १० वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय किमान १० लाख रुपये दंड, अशी शिक्षा ठरली. यापेक्षा कडक शिक्षा ती कोणती? तरीही २०१९ झाले आणि २०२५ ही झाले. असे का? कारण औषध बाजारात जाण्यापूर्वी ज्याने कच्चा माल तपासायचा त्याने तपासला नाही आणि त्याने तपासला की नाही हे ज्याने पाहायचे त्याने पाहिले नाही. छिंदवाड्याच्या प्रकरणात कंपनीच्या मालकाला आणि औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. पण अटक होते ती मुले गेल्यावर. आपल्याला तपासणी हवी आहे ती मुले जिवंत असताना.

याचा अर्थ शिक्षा निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ज्याला सापडण्याची भीतीच नाही त्याला शिक्षेचा आकडा कितीही मोठा सांगा, तो घाबरत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. चोराला कुलूप केवढे याची चिंता नसते, घरात कोणी जागे आहे काय याची असते. शिक्षेची खात्री आणि शिक्षेचे प्रमाण ही एका गाडीची दोन चाके आहेत. एक चाक मोठे केले म्हणून गाडी पळत नाही.

आईवर कुऱ्हाड नको

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. मुलांच्या मृत्यूंसाठी शिक्षा वाढवा असे म्हटले की पहिला घाव मुलाच्या आईवर पडण्याची भीती असते. "मूल सोडून गेलीच कशी?" हा प्रश्न आपला समाज सर्वांत आधी विचारतो. मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे ऊसतोड मजुराचा ५ वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडून गेला. कुटुंब पोटासाठी मध्य प्रदेशातून आलेले. ज्यांनी दिवसभर फडात कोयता चालवायचा त्यांनी मूल कोणाकडे ठेवायचे होते?

इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने घरातील मुलाचा मृत्यू घडवून आणणे किंवा घडू देणे हा गुन्हा ठरविला आणि १४ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. २०२२ साली ती जन्मठेपेपर्यंत वाढविली. तो कायदा घरात मारहाण होत असताना गप्प बसणाऱ्यांसाठी आहे आणि त्याची गरज असेल. पण आपल्याकडे गरिबीमुळे मूल एकटे राहते, त्या प्रसंगाला ते माप लावणे अन्याय होईल. आपल्या बाल न्याय अधिनियमानेही कलम ७५ मध्ये ही जाण ठेवली आहे. परिस्थितीच्या रेट्यामुळे आईबापांना मूल सोडावे लागले, तर ते जाणूनबुजून केले असे मानू नये, असे तेथे म्हटले आहे.

त्याच इंग्लंडचा दुसरा कायदा मात्र आपण अवश्य पाहावा. २००७ च्या त्या कायद्याने कंपनीच्या किंवा संस्थेच्या वरिष्ठ व्यवस्थापनाच्या घोर हयगयीने माणूस मेला, तर खुद्द त्या संस्थेला मनुष्यवधासाठी दोषी ठरवता येते आणि दंडाला वरची मर्यादा नाही. आम्हाला हवी आहे ती ही दिशा. खालच्या माणसाची मान पकडण्याआधी वरच्या खुर्चीने काय केले ते विचारा.

आणि आईला दोष देण्याआधी पाळणाघराचे काय झाले ते विचारा. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात, ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे ६ वर्षांखालील मुलांसाठी खोलीची तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा संहितेतही ५० हून अधिक कामगारांच्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आहे. आपल्या गावातल्या, शहरातल्या किती बांधकामांवर ते पाळणाघर तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे? जेथे पाळणाघर द्यायचे होते आणि दिले नाही, तेथे मूल लिफ्टच्या खड्ड्यात पडले तर ती हयगय आईची नव्हे, ठेकेदाराची आहे.

एका अर्जाची ताकद

आता आपण काय करू शकतो ते सांगतो. कायद्यात हयगय आणि जाणीव यांत मोठा फरक आहे. लक्ष नव्हते म्हणून मृत्यू घडला तर ती हयगय. या कृत्याने माणूस मरू शकतो हे माहीत असूनही ते केले, तर तो सदोष मनुष्यवध, आणि त्याला नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे १० वर्षांपर्यंत कैद आहे. २००६ साली मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या ७ मजुरांना चिरडले. खालच्या न्यायालयाने हयगयीचे कलम लावून ६ महिने दिले. उच्च न्यायालयाने जाणिवेचे कलम लावून ३ वर्षे केली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. घटना तीच, मृत्यू तेच. फरक पडला तो चालकाला काय ठाऊक होते या एका मुद्द्याने.

मग अधिकाऱ्याला, मालकाला, ठेकेदाराला धोका ठाऊक होता हे सिद्ध कसे करायचे? त्याचे साधन आपल्या हातात आहे. ते म्हणजे लेखी अर्ज आणि त्याची पोच. अमुक उद्यानातील टाकी उघडी आहे, अमुक शेतातील बोअर बुजवलेला नाही, अमुक अंगणवाडीच्या भिंतीला तडा गेला आहे, असा अर्ज द्यायचा, शक्य तर फोटो जोडायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची. त्यानंतर "आम्हाला माहीत नव्हते" हे वाक्य त्या कार्यालयाला सहजासहजी म्हणता येत नाही. एका अर्जाने खटला जिंकला जाईल असे आम्ही म्हणत नाही. पण जो पुरावा नसल्यामुळे मोठी माणसे सुटतात, तो पुरावा तयार करण्याचे काम आपण मूल जिवंत असतानाच करू शकतो. आणि बहुतेक वेळा असे होते की, पोच दिली म्हणून तरी झाकण बसते. खटल्याची वेळच येत नाही. त्याहून मोठे यश कोणते?

बोअरविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट आदेश दिलेले आहेत. बोअर घेण्यापूर्वी १५ दिवस आधी लेखी कळवायचे, यंत्रवाल्याची नोंदणी असायची, काम चालू असताना पाटी आणि काटेरी तारेचे कुंपण हवे, तोंडावर सिमेंटचा कट्टा आणि पक्के झाकण हवे, पाणी लागले नाही तर बोअर माती, वाळू, दगड घालून जमिनीच्या पातळीपर्यंत भरायचा. हे आदेश प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. गावाकडे जाणाऱ्या सभासदांनी एवढे जरूर पाहावे.

दुर्दैवाने घटना घडलीच तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. प्रथम खबरी अहवालाची प्रत मोफत मिळते, ती घ्या. शवविच्छेदनाला नकार देऊ नका, कारण त्याशिवाय कारण सिद्ध होत नाही. तपास कोठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे असते, ते लेखी मागा. सरकारी सेवकावर खटला भरण्यास मंजुरी लागत असेल तर सरकारने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, न दिल्यास मंजुरी मिळाली असे नवा कायदा मानतो. आरोपी सुटला, किंवा कमी गुन्ह्यासाठी दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे जा.

आमच्या मागण्या

सारांशाने आमचे म्हणणे असे.

१. ७ वर्षांखालील मुलाचा मृत्यू, त्याला सांभाळण्याचे काम पत्करलेल्या किंवा धोक्याची जागा, वाहन, औषध ताब्यात असलेल्या व्यक्तीच्या हयगयीने झाल्यास कलम १०६ मध्ये स्वतंत्र पोटकलम घालून अधिक शिक्षा ठेवावी आणि तो खटला सत्र न्यायालयापुढे चालवावा.

२. अशा प्रत्येक प्रकरणात निर्णय आणि खर्चाचा अधिकार कोणाकडे होता याचा शोध घेणे तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक असावे. वरच्या अधिकाऱ्याची चौकशी न करता केवळ खालच्या सेवकावर दोषारोपपत्र देता येऊ नये.

३. शाळा, दवाखाने, उद्याने, अंगणवाड्या आणि बांधकामे यांच्या दाराशी सुरक्षेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली पाटी असावी.

४. गरिबीमुळे मूल एकटे ठेवावे लागलेल्या आईबापांना या वाढीव शिक्षेतून स्पष्ट शब्दांत वगळावे.

५. असे खटले ठराविक मुदतीत निकाली काढावेत. दहा वर्षांनी येणारा न्याय आईबापांना पुन्हा एकदा जाळतो.

बंधू-भगिनींनो, संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्ये ६ वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचे संगोपन करण्याचे काम राज्यावर सोपविले आहे. 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा आहे. श्रीमंताच्या मुलाला सांभाळायला घरात माणसे असतात. गरिबाच्या मुलाला सांभाळायला फक्त कायदा असतो, आणि तो कायदा झोपला की ते मूल उघड्या टाकीपाशी एकटे असते. त्या कायद्याला जागे ठेवण्याचे काम आपले आहे.

विद्यार्थी मित्रांना एक काम देतो. पुढच्या रविवारी चार-चार जणांचे गट करा आणि आपापली वस्ती फिरा. उघड्या टाक्या, झाकण नसलेली गटारे, वीजपेटीची तुटलेली दारे, खोदून ठेवलेले खड्डे वहीत लिहून काढा. अर्ज आपण संस्थेच्या कार्यालयात बसून लिहू आणि पोच घेऊन फाईलला लावू. पुढच्या वर्षी ती फाईल याच व्यासपीठावर ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.